बारावी पुण्यातून आणि कॉलेज थेट प्रिन्स्टन? हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

कोथरूडचा काका
भाऊ न्यू जर्सी सोडून कायमचा पुण्यात आलाय. पुतणी आठवीत, जन्म तिकडचा, म्हणजे अमेरिकन सिटिझन. आता घरात ठरलंय की बारावी इथे करायची आणि मग प्रिन्स्टन, एमआयटी. शेवटी तिकडेच धाडायचं होतं तर पोरीला आणलंच कशाला? इथून अप्लाय करणाऱ्या हुशार पोरांच्या गर्दीत हिला कोण विचारतंय! बोला.

बे एरियातली मावशी
अहो काका, तुम्ही समजताय ती गर्दी वेगळी. एमआयटी परदेशी विद्यार्थी मोजकेच घेते पण परदेशी कोण हे नागरिकत्वावर ठरतं, शाळा कुठली यावर नाही, त्यामुळे पोरगी त्या रांगेत नाहीच. शिवाय फाफसा, म्हणजे अमेरिकन सरकारी एडचा (आर्थिक मदतीचा) अर्ज, भरता येतो, आणि आईबापाचा पगार आता रुपयात, तो डॉलरमध्ये किती दिसणार ते बघा, एड उलट जास्तच बसेल. न्यू जर्सीत तिच्याच शाळेतून तिच्यासारखीच रोबोटिक्स आणि व्हायोलिनवाली किती देसी पोरं प्रिन्स्टनला अप्लाय करतात माहितीये का?

निवृत्त_क्लासवाला
मावशी, पासपोर्टनं पैशाचं काम झालं. पण बऱ्याच कॉलेजांत फाइल शाळेच्या भागाप्रमाणे वाचायला वाटतात, म्हणजे भारतातल्या शाळा बघणाराच हिची फाइल उघडणार. त्याला नववी ते बारावीचे मार्क, काउन्सेलरचं पत्र, दोन शिक्षकांची पत्रं हवीत. आपल्या स्टेट बोर्डात दहावीला शाळा सुटते, अकरावीला ज्युनिअर कॉलेज, त्यात इंटिग्रेटेड असलं की पोरगं दिवसभर क्लासला आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरतं. पत्र लिहिणार कोण? माझ्या भाचीला मिळालेलं पत्र मी वाचलंय, चार ओळी, ‘शी इज सिन्सिअर अँड ओबिडियंट’, खाली गोल शिक्का. बरं, सरांची तरी काय चूक, त्यांनी पोरीला धड पाहिलंच नव्हतं.

बाणेर_आई
मग स्टेट बोर्डात घालूच नका ना! नववी ते बारावी एकाच शाळेत होईल अशी आयबी नाहीतर सीबीएसई बघा, फी ऐकून चक्कर येईल ते सोडा. आणि सॅट, म्हणजे तिकडच्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा, आत्तापासून डोक्यात ठेवा, एमआयटीने 2022 मध्ये परत सक्तीची केली, हार्वर्ड आणि डार्टमथने 2024 मध्ये. सॅट ऑप्शनल असते हे जुनं ऐकलेलं आता धरून बसू नका.

टेक्सासकर
सगळे प्रिन्स्टनवर अडकलेत. हार्वर्ड शंभरातल्या जेमतेम चारांना घेतं, मग नाही झालं तर? सिटिझन आहे म्हणून रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत, इन-स्टेट फी (राज्यातल्यांची कमी फी) लागेल असं भावाला वाटत असेल तर आधीच सांगा. ते राज्याच्या रहिवासावर असतं आणि आईबाप पुण्यात म्हटल्यावर ती आउट-ऑफ-स्टेटच. कॅलिफोर्नियात तर 366 दिवस तिथे राहून दाखवावं लागतं. न्यू जर्सीतच राहिले असते तर हा प्लॅन बी अर्ध्या किमतीत होता.

बे एरियातली मावशी
आणि त्या अर्ध्या किमतीसाठी आणखी चार-पाच वर्षं तिकडचे प्रॉपर्टी टॅक्स भरायचे? आजीआजोबा इथे एकटे. माणसं फक्त कॉलेजसाठी गाव बदलत नाहीत हो.

कोथरूडचा काका
आजीआजोबा म्हणजे माझेच आईवडील, आणि ते एकटे नाहीत, मी आहे ना इथे! असो. इन-स्टेटचं भावाला आत्ताच फोनवर सांगितलं, तो म्हणाला रटगर्सला पाठवायचंय कोणाला.