साडेचार वर्षांच्या मुलीची ऑटिझमसाठी पुन्हा तपासणी करावी का?

मुलगी अडीच वर्षांची असताना बोलत नव्हती, म्हणून ऐकण्याची तपासणी आणि ऑटिझमचं मूल्यमापन दोन्ही करून घेतलं होतं. ऐकू नीट येतं. अहवालात ‘भाषाविकासात विलंब, ऑटिझमचे निकष पूर्ण होत नाहीत’ असं आलं. स्पीच थेरपी सुरू केली, आता ती भरपूर बोलते. घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या मनातून तो जात नाही. ग्रहांबद्दल विचारलं तर ती थांबत नाही, पण ‘आज कोणाबरोबर खेळलीस?’ विचारलं की माझाच प्रश्न परत येतो, नाहीतर कार्टूनमधलं एखादं वाक्य, त्याच सुरात. मुलांची तिला ओढ आहे. जवळ जाऊन उभी राहते, पण खेळात शिरायचं कसं ते उमगत नाही. मग बाजूला बसून ती मुलं करतात तसं करत राहते. शाळेतल्या बाईंना वाटतं, छान मिसळते. शाळेत शहाण्यासारखी, आणि घरी आल्यावर कपडे बदलण्यावरून रडून रडून थकते. मिक्सर लागला की कान झाकून पळते.

नवरा म्हणतो, एकदा नाही म्हणालेत ना, मग शिक्का कशाला शोधतेस? सासूबाई म्हणतात, हाही लहानपणी असाच होता. त्याने माझी शंका कमी होत नाही, उलट वाढते, कारण ऑटिझम घराण्यात आढळतो.

२०१३च्या डीएसएम-५ मध्येच, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकातच, म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असली, तरी मुलाकडून होणाऱ्या सामाजिक अपेक्षा त्याच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही. मुली इतरांची नक्कल करून बरंच झाकून नेतात, असंही वाचलं. म्हणजे तेव्हाचा अहवाल तेव्हापुरता बरोबर असू शकतो. हे एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता) किंवा चिंताही असेल. थेरपी निदानासाठी अडत नाही हे मान्य, पण कशावर काम करायचं ते तरी कळायला हवं.

माझी खरी अडचण अशी: एडीओएससारख्या ऑटिझमच्या चाचणीत एक मोठं माणूस तिच्याशी खेळतं, आणि मोठ्यांशी तिचं उत्तम जमतं. तिथे पुन्हा ‘नाही’च येईल का? आधीच्याच तज्ज्ञांकडे जावं की नव्या? ज्यांनी मुलांचं दुसऱ्यांदा मूल्यमापन करून घेतलंय, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, करून घ्या. खात्री होण्याची वाट पाहू नका. तिला दिवस जड जातोय, एवढं कारण पुरे. आमच्या मुलाच्या वेळी आम्ही नवीन तज्ज्ञ निवडले, पण जुना अहवाल सोबत दिला. तो लपवू नका. कोणत्या चाचण्या कधी झाल्या हे त्यांना कळायला हवं.

निदान एका चाचणीच्या गुणांवर होत नाही, होऊ नये. त्यामुळे वेळ घेण्याआधीच विचारा: पालकांकडून विकासाचा सविस्तर इतिहास घेणार का, शाळेकडून माहिती मागवणार का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. व्हिडिओ न्या. तिला काही करायला न सांगता, इतर मुलं आसपास असताना दुरून काढलेले. शाळेतून आल्यावरचं रडणंही तारखेसह लिहून ठेवा.

आणि बाईंना ‘मिसळते का’ असं विचारू नका. मधल्या सुट्टीत ती कुठे असते, कोणाशी काय बोलते, हे आठवडाभर बघून लिहून द्यायला सांगा.