अगाथोक्लीसची नाणी आणि धर्मांतर

वासुदेवाचं, म्हणजे कृष्णाचं, चित्र असलेलं नाणं पाडलं म्हणून आजच्या अफगाणिस्तान भागातला ग्रीक राजा अगाथोक्लीस हिंदू झाला होता, असा एक दावा केला जातो. ते पटत नाही. 1970 साली अफगाणिस्तानात ऐ खानूम या प्राचीन ग्रीक शहराच्या उत्खननात त्याची सहा चांदीची चौकोनी नाणी मिळाली. काळ साधारण इ.स.पू. 180. एका बाजूला नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण (बलराम) आणि ग्रीक अक्षरं, दुसरीकडे शंख-चक्रधारी वासुदेव आणि ब्राह्मीत 'राजने अगथुक्लयेस'. (बासरी नाही बरं का, कमरेला तलवार आहे!)

पण याच राजाने हिंदुकुशपलीकडच्या प्रजेसाठी ग्रीक वजनाची गोल नाणीही काढली. त्यांवर फक्त ग्रीक लिपी. काहींवर तर अलेक्झांडर, अँटिओकस, युथिडेमस या आधीच्या ग्रीक राजांच्या स्मरणार्थ मजकूर आहे, म्हणजे 'आम्ही त्या परंपरेतले' हे ठणकावून सांगणं. जिथली बाजारपेठ, तिथली लिपी, तिथले देव. राजाच्या मनातली भक्ती यातून कशी काढणार?

भक्तीच हवी असेल तर मध्य प्रदेशात विदिशाजवळचा बेसनगरचा गरुडस्तंभ बघा. अंतियालकिदास या ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस तिथे स्वतःला सरळ 'भागवत', म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो. पण तो दूत, राजा नव्हे.