केस विरळ होताना : सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

केस गळू लागले की सल्ल्यांना तोटा नसतो; पण कोणता उपचार घेतला, तो किती काळ चालवला आणि त्यातून काय हाती लागले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून दोन्ही जिल्ह्यांतील वाचकांना निदानासह आपले अनुभव लिहिण्याची विनंती केली होती. दवाखान्यांची नावे वगळली आहेत.

शिक्षिका, विश्रामबाग, सांगली
डेंग्यूतून उठल्यावर दोन-अडीच महिन्यांनी विंचरताना केसांचे पुंजके हाती येऊ लागले. आमच्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी येत असल्याने सगळ्यांनी पाण्यालाच दोष दिला. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली, हाती आलेल्या केसांच्या टोकाची पांढरी गाठ दाखवली आणि सांगितले की, तीव्र तापाने पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात व दोन-तीन महिन्यांनी गळतात. जड पाण्याने केस राठ होऊन मधेच तुटतात, मुळापासून जात नाहीत. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, कमी निघाले म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, डोक्याला लावायला काहीच दिले नाही. पुढे कपाळालगत आखूड नवे केस उभे राहू लागले आणि ते बसवायला पिना लागू लागल्या.

बँक कर्मचारी, कराड
वडिलांचे आणि दोन्ही काकांचे टक्कल तिशीतच पडले होते, तेव्हा माझे निदान सरळ होते : आनुवंशिक केसगळती. पाच टक्के मिनॉक्सिडिल आणि एक मिलिग्रॅम फिनास्टराइड सुरू झाले. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध; ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा त्याचा लावायचा द्राव निघाला आणि अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ड्रॉपरवरील खुणेपर्यंत एक मिलिलिटर घेऊन ते केसांना नव्हे, तर कोरड्या टाळूच्या कातडीला लावायचे असते. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती उलट वाढली, आणि इथेच बहुतेक जण बाटली फेकून देतात. फिनास्टराइड टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे डीएचटीमध्ये, म्हणजे केसांची मुळे बारीक करणाऱ्या संप्रेरकात, होणारे रूपांतर रोखते. काहींना त्याने कामेच्छा घटण्याचा किंवा नैराश्याचा त्रास होतो, त्यामुळे डॉक्टरांनी त्याबद्दल आधीच स्पष्ट विचारणा केली. गर्भवती स्त्रीने तुटलेली गोळी हाताळूही नये, असेही बजावले. चार-पाच महिन्यांनी डोक्याचा मागचा भाग भरला. कपाळाचे कोपरे मात्र आहेत तसेच आहेत. औषध बंद केले की कमावलेले केस जातात, म्हणून हा खर्च कायमचा धरूनच सुरुवात करावी.

गृहिणी, वाई
माका, आवळा आणि जास्वंद घालून सासूबाईंनी उकळलेले खोबरेल तेल मी आजही आवडीने लावते. केस मऊ राहतात. भांग रुंदावत होता, तो मात्र तेलाने थांबला नाही. रक्ततपासणीत थायरॉईड कमी निघाले, आणि त्याची गोळी लागू पडल्यावर गळती आटोक्यात आली.

द्राक्ष बागायतदार, तासगाव
माझ्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढी चाई पडली होती, ती सलूनवाल्याने दुसरा आरसा धरून दाखवली. गावात लसूण चोळण्याचा सल्ला मिळाला, त्याने कातडी भाजली. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, असे डॉक्टरांनी समजावले आणि त्या जागी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने दिली. आधी पांढरी लव आली, मग काळे केस.

निवृत्त अभियंता, सातारा
केस प्रत्यारोपणात डोक्याच्या मागचे, सहसा न गळणारे केस मुळांसह काढून पुढे लावतात. लावलेले केस काही आठवड्यांत गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवतात आणि पूर्ण परिणाम दिसायला जवळजवळ वर्ष जाते. हे ठाऊक नसले की माणूस हबकतो. शिवाय आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहतात, त्यामुळे मलाही औषध सुटलेले नाही. कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहणे म्हणजे या शस्त्रक्रियेचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया डॉक्टर करणार की तंत्रज्ञ, हे मी लेखी मागितले. एका ठिकाणी ते द्यायला टाळाटाळ झाली, तेथून मी परत फिरलो.