एकांकिका: पीडितेची वकील आरोपीचा उलटतपास घेऊ शकते का?

नेपथ्यवाला: बलात्काराच्या खटल्यावर एकांकिका लिहितोय. काळ आजचा, सत्र न्यायालय. पीडितेची वकील नायिका आहे. खचाखच भरलेल्या कोर्टात ती आरोपीचा उलटतपास घेते आणि तो कबुली देऊन बसतो. कायद्याच्या दृष्टीने काय खटकेल?

फौजदारी_बाजू: नेमका हाच प्रसंग. सत्र खटला सरकारी वकील चालवतात. पीडितेच्या वकिलाने त्यांच्या हाताखाली मदत करायची. पुरावा संपल्यावर कोर्टाने परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद द्यायचा. दुसरं म्हणजे, आरोपीला पिंजऱ्यात ओढता येत नाही. सरकारी पुरावा संपला की न्यायाधीश स्वतः त्याला प्रश्न विचारतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५१; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३१३). तिथे शपथ नाही, उलटतपासही नाही. त्याने आपणहून लेखी विनंती करून बचावाचा साक्षीदार व्हायचं ठरवलं, तरच त्याला उलट प्रश्न विचारता येतात, आणि शहाणा वकील त्याला तसं करू देत नाही. ‘पिंक’ चित्रपटात मुलीचा वकील तिच्यावर हात टाकणाऱ्या मुलाला घेरू शकतो, कारण तिथे आरोपी मुलगीच आहे आणि तो समोरच्या बाजूचा साक्षीदार.

शिरस्तेदार: खचाखच कोर्टही विसरा. १९८३ च्या दुरुस्तीपासून हे खटले बंद दाराआड चालतात. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, त्यावर उसळलेल्या संतापातून ती दुरुस्ती झाली. पीडितेला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावता येतो. हातोडा आपल्याकडे नसतोच. तो आणला की पुढचं सगळं खोटं वाटतं. त्यापेक्षा टंकलेखक दाखवा: साक्षीदार बोलतो, न्यायाधीश वाक्य जुळवून सांगतात, टाइप होतं. पीडितेचे शब्द तिथे बदलतात.

नेपथ्यवाला: मग संघर्ष कुठे आणू?

फौजदारी_बाजू: पीडितेच्या उलटतपासात. फिर्याद, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा कलम १८३ चा जबाब आणि कोर्टातली साक्ष, अशी तीन कथनं असतात. बचाव पक्ष त्यांतल्या फटी शोधतो.
‘आरोपीने दार लावलं, हे पोलिसांना सांगितलं होतं?’
‘हो.’
‘फिर्यादीत का नाही?’
‘सांगता येणार नाही.’
एवढंच, आवाज न चढवता. पुढे तपास अधिकाऱ्याच्या तोंडून ‘ती असं बोलली नव्हती’ हे काढलं की वगळणूक, म्हणजे आधीच्या जबाबात तो मुद्दा नव्हताच हे, सिद्ध होते. ती किरकोळ की खटल्याच्या मुळावर येणारी, यावर निकाल फिरू शकतो. तिच्या पूर्वीच्या संबंधांवर प्रश्न मात्र लिहू नका, संमतीचा वाद असला तरी ते चालत नाहीत. बचावाच्या वकिलाने आडून सुचवायचं आणि न्यायाधीशांनी तिथेच थांबवायचं, हे चालेल.

शिरस्तेदार: डॉक्टरांची साक्षही घ्या. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती, हा बचावाचा आवडता मुद्दा. कायदा मात्र सांगतो की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येत नाही. टू फिंगर टेस्टचा (पीडितेला संबंधांची सवय आहे का, हे योनीत दोन बोटं घालून पाहण्याच्या चाचणीचा) उल्लेख आजच्या काळात आणायचाच असेल, तर डॉक्टर अडचणीत येईल असा आणा: २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणं हे गैरवर्तन ठरवलंय.