मदत हवी आहे: राउटरपलीकडून एनएफएस, मोठ्या फाइलवर गोठतं

मंडळी, लिनक्स सर्व्हरवरचा एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायचं फोल्डर) दुसऱ्या नेटवर्कवरून वापरायचा आहे. मध्ये फायरवॉल आणि नॅट करणारा (आतल्या मशीनचा पत्ता-पोर्ट बदलून स्वतःचा लावणारा) राउटर आहे. एनएफएसचं व्हर्जन ३ सोडलं, कारण पोर्ट १११ सोबतच माउंटडी, लॉकडी या त्याच्या मदतनीस सेवांचे बदलते पोर्ट सांभाळणं कठीण. आता व्हर्जन ४.२, फक्त टीसीपी २०४९ उघडा. राउटर सोर्स पोर्ट १०२४ च्या वर नेत असल्याने सर्व्हर नकार देत होता. सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये (शेअरच्या यादीत) ‘इनसिक्युअर’, म्हणजे वरचे पोर्टही चालतील असा पर्याय, टाकल्यावर माउंट झालं (शेअर जोडला गेला).

छोट्या फाइल्स उघडतात, मोठी कॉपी केली की सगळं गोठतं. फायरवॉल आयसीएमपी (नेटवर्कचे त्रुटी-संदेश) अडवतो, त्यामुळे एमटीयूचा (पॅकेटच्या कमाल आकाराचा) घोळ असेल का? आयसीएमपी उघडू की राउटरवर एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) कमी करू?

शिवाय सर्व्हरला राउटरचाच आयपी दिसतो, म्हणजे त्यामागच्या कुठल्याही मशीनला प्रवेश! याची जास्त काळजी वाटते. त्यापेक्षा वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदाच घालावा का? कोणी असं चालवत असेल तर कृपया सांगा.