वडिलांचे वजन प्रयत्नांविना कमी होत आहे : पुढील तपासण्या कराव्यात की थांबावे?

नमस्कार. माझे वडील ६९ वर्षांचे असून सातारा जिल्ह्यात गावी एकटेच राहतात; मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. मागच्या महिन्यात गेलो असता त्यांनी पट्ट्याला नवे भोक पाडून घेतलेले दिसले, म्हणून त्यांना काट्यावर उभे केले आणि मधुमेहाच्या फाईलमधील जुन्या नोंदीशी ताडून पाहिले. सात महिन्यांत ६४ किलोवरून वजन ५७.५ किलोवर आले आहे. सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट आपोआप झाली तर कारण शोधलेच पाहिजे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. येथे ती १० टक्क्यांवर गेली आहे.

रक्तगणना, ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी), यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, थायरॉईड, एचआयव्ही, लघवी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी एवढे झाले असून त्यांत काहीही आढळले नाही. एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७.४ आहे. खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम यांपैकी काही नाही. तंबाखू त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टर म्हणतात, तीन महिने वजनावर लक्ष ठेवून पुन्हा पाहू. तर काकांचा आग्रह आहे की पेट स्कॅन (संपूर्ण शरीरात कर्करोग शोधणारे चित्रण) आणि कर्करोगाचे ट्यूमर मार्कर (कर्करोगात वाढू शकणाऱ्या घटकांच्या रक्तचाचण्या) आताच करून घ्यावेत. खर्चाची माझी तयारी आहे, परंतु थांबण्याने उशीर होईल का, या विचाराने झोप लागत नाही.

आणखी काही गोष्टी येथे लिहितो, ज्या आजार वाटल्या नाहीत म्हणून डॉक्टरांना सांगायच्या राहून गेल्या. आई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून वडील सकाळी एकदाच स्वयंपाक करतात आणि रात्री उरलेले खातात किंवा तसेच झोपतात. कवळी सैल झाल्यामुळे भाकरी बंद होऊन दूधभातावर आले आहेत. शिवाय आठ महिन्यांपूर्वी मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी सुरू झाली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी फिजिशियन आहे. वडिलांना प्रत्यक्ष न तपासता निदान सांगता येणार नाही, परंतु आपण शेवटी लिहिलेला परिच्छेदच आपल्या डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवावा. ती गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते आणि त्यामुळे साधारणतः दोन-तीन किलो वजन उतरते. म्हणजे साडेसहा किलोंचा पूर्ण हिशेब तिच्याने लागत नाही. ती स्वतःहून बंद मात्र करू नये. वजन घटले की कवळी सैल होते आणि कवळी सैल झाली की खाणे घटते, असे हे चक्र असते. वयस्क माणसे दुःख बोलून दाखवत नाहीत, ते पुष्कळदा भूक आणि झोप यांतूनच कळते. त्यामुळे नैराश्याविषयी डॉक्टरांनी त्यांच्याशी एकांतात बोलावे.

ट्यूमर मार्कर कर्करोग शोधून काढण्यासाठी नसतात. इतर कारणांनीही ते वाढतात आणि ते सामान्य आले म्हणून कर्करोग नाही असेही ठरत नाही. पेट स्कॅनची वेळ तपासणीत काही धागा हाती लागला तर येते. सर्व तपासण्यांनंतरही सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत कारण सापडत नाही. शारीरिक तपासणी आणि प्राथमिक चाचण्या खरोखरच निर्दोष असतील तर मोठा आजार लपलेला असण्याची शक्यता कमी असते, म्हणून तीन महिन्यांनी फेरतपासणी हा योग्य सल्ला आहे. तथापि तंबाखूचा पूर्वेतिहास पाहता तोंडाची नीट तपासणी आणि शौचातील अदृश्य रक्ताची चाचणी आताच करावी. घास अडकणे, थोड्याच घासांत पोट भरणे किंवा हिमोग्लोबिन उतरणे यांपैकी काही दिसल्यास एंडोस्कोपीसाठी (कॅमेऱ्याच्या नळीने आतून तपासणीसाठी) तीन महिने थांबू नये. मधुमेहींना क्षयाचा धोका अधिक असल्याने दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी.

धागाकर्ता :

डॉक्टर, मनःपूर्वक आभार. घास अडकत नाही, हे आत्ताच फोनवर विचारून घेतले. दर रविवारी एकाच काट्यावर, सकाळी न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहायचे ठरले आहे आणि संध्याकाळचा डबा शेजारच्या काकू देणार आहेत. येथे कोणी दंतवैद्य असल्यास एवढे सांगावे : नवी कवळी आताच करून घ्यावी, की वजन स्थिरावेपर्यंत जुनीच आतून भरून घट्ट करून घेता येईल?