‘घुसखोर’, ‘अवैध स्थलांतरित’ की ‘बिनकागदी’? अमेरिकेवरच्या लेखात अडलेला शब्द

अनुवाद_पुणे

एका त्रैमासिकासाठी अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या वादावरचा लांब लेख मराठीत आणते आहे. लेखकाने दोन्ही पक्षांची भाषणं शेजारी शेजारी मांडली आहेत. रिपब्लिकन वक्ता ‘इल्लीगल एलियन’ म्हणतो आणि डेमोक्रॅट ‘अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट’. माणूस तोच. मी दोन्हीकडे ‘अवैध स्थलांतरित’ लिहून मोकळी झाले. संपादकांनी सगळीकडे ‘घुसखोर’ करून पानं परत पाठवली. समासात लिहिलंय, ‘वाचकाला लगेच कळतं.’

कळतं हे खरं. पण मग लेखातलं भांडणच नाहीसं होतं. ‘एलियन’ ही तिथे नुसती शिवी नाही, कायद्यातला शब्द आहे. 1798 चा ‘एलियन एनिमीज ॲक्ट’ आहेच, शिवाय 1952 च्या कायद्यात जो नागरिक किंवा ‘नॅशनल’ नाही तो एलियन अशी व्याख्या आहे. एप्रिल 2021 मध्ये बायडेन सरकारने अधिकाऱ्यांना ‘एलियन’ऐवजी ‘नॉनसिटिझन’ म्हणायला सांगितलं आणि 2025 मध्ये ट्रम्प परत आल्यावर ‘एलियन’ परत आला. असोसिएटेड प्रेसने 2013 मध्येच ठरवलं होतं की कृतीला ‘इल्लीगल’ म्हणा, माणसाला नको. जिथे शब्दावरून सरकारी आदेश निघतात, तिथे मी दोन्ही पक्षांच्या तोंडी एकच शब्द कसा घालू?

तर तीन शब्द हवेत: एक पहिल्या वक्त्याचा, एक दुसऱ्याचा आणि एक लेखकाच्या स्वतःच्या निवेदनासाठी. शुक्रवारी पानं द्यायची आहेत.

जुना_उपसंपादक

ताई, संपादकांचं अगदीच चूक म्हणता येणार नाही. कारगिलच्या वेळी, 1999 साली, आम्ही रोज ‘घुसखोर’ छापत होतो. बांगलादेशींच्या बातम्यांतही तोच. मथळ्यात चार अक्षरांत बसतो. ‘अवैध स्थलांतरित’ दोन ओळी खातो.

‘स्थलांतरित’बद्दल मात्र माझा जुना राग आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं स्थलांतरित, सायबेरियातून येणारे पक्षी स्थलांतरित आणि रस्तारुंदीत हललेलं दुकानही स्थलांतरित. सीमा ओलांडण्याची खूणच त्या शब्दात नाही. शुद्ध शब्द ‘आप्रवासी’. विमानतळावर ‘आप्रवासन’ अशी पाटी असते, ती रोज हजारो लोक वाचतात. वापरला की रुळतो.

जर्सीवासी

काका, ती पाटी वाचतो आम्ही, पण बोलत कोणी नाही. इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये पंचवीस वर्षं राहते. मराठी घरांत शब्द आहेत ते असे: ‘स्टेटस गेलं’, ‘आउट ऑफ स्टेटस झाला’, ‘त्याचे पेपर्स नाहीत’. ‘आप्रवासी’ एकदाही ऐकला नाही.

आणि ‘एलियन’बद्दल एक सांगते. माझा भाचा पुण्याहून शिकायला आला, विसा चोख, विद्यापीठाची पत्रं चोख. पहिल्या वर्षी टॅक्सचा फॉर्म भरायला बसला तर वरच लिहिलेलं, ‘नॉनरेसिडेंट एलियन’. पोराने आईला फोन केला की मला इथे परग्रहावरचा ठरवलंय. हसण्यावारी नेलं आम्ही, पण त्याचा चेहरा उतरला होता. म्हणजे एलियन फक्त कागद नसलेला नव्हे, एच-वन-बी या नोकरीच्या विसावर आलेला तुमचा मुलगाही एलियन. म्हणून ‘एलियन’ला ‘घुसखोर’ लिहिलंत तर कायद्याने आलेल्यांनाही घुसखोर करून ठेवाल.

वऱ्हाडी

‘खोर’वर बोला जरा. फारसी ‘खोर’ म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, हरामखोर हरामाचं खातो. घुसखोर काय खाते? माझी आजी म्हणायची, घुशीसारखा पोखरून धान्य खाते तो घुसखोर. मले ते पटते. अकोल्याकडे गोदामात घुशी किती नासधूस करतात ते पाहिलं आहे, म्हणून शब्दात इतका तिटकारा.

जुना_उपसंपादक

आजींचा मान राखून सांगतो, घूस आणि घुसणे यांचा असा मेळ लावणं ही लोकव्युत्पत्ती. ‘खोर’चा खाण्याशी संबंध मराठीत कधीच सुटला. भांडखोर भांडण खात नाही, बंडखोर बंड खात नाही. तो आता ‘खोड असलेला’ एवढाच अर्थ देतो.

अनुवाद_पुणे

काका, मग तुम्हीच माझी बाजू मांडलीत. ‘खोर’ म्हणजे खोड, स्वभाव. एकदा विसा संपल्यावर राहिलेला माणूस स्वभावाने घुसणारा ठरतो का? शिवाय तो घुसलेलाच नसतो, तो दारातून शिक्का मारून आलेला असतो.

कोर्टकचेरी

मी वकील आहे, भारतातली, पण या विषयाचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तपासणी चुकवून सीमा ओलांडणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा आहे, पहिल्यांदा केला तर किरकोळ स्वरूपाचा. काढून दिल्यावर पुन्हा आलं तर गंभीर. विसाची मुदत संपल्यावर नुसतं राहणं हा गुन्हाच नाही, ती दिवाणी स्वरूपाची बाब आहे. 2012 साली ॲरिझोनाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे नमूद केलं. म्हणून ‘बेकायदा’ चालेल, ‘गुन्हेगार’ चालणार नाही.

आता ‘डिपोर्टेशन’. वर्तमानपत्रं ‘हद्दपार’ आणि ‘तडीपार’ आलटून पालटून लिहितात. तडीपार आपल्याकडे 1951 च्या पोलीस कायद्यातून आला आहे. कलम 55 ते 57, जास्तीत जास्त दोन वर्षं, जिल्ह्याबाहेर. हुकूम काढतो पोलीस उपायुक्त किंवा प्रांत, तो न्यायाधीश नसतो. लोकांच्या मनात मात्र तडीपार म्हणजे गावगुंड. अमेरिकेतही हद्दपारी ही कायद्याच्या भाषेत शिक्षा नाही, आणि तो हुकूम देणारा इमिग्रेशन न्यायाधीशही न्याय खात्याचाच नोकर असतो. यंत्रणा म्हणाल तर ‘तडीपार’ फार जवळ बसतो. पण शब्द उच्चारला की समोर गुंड उभा राहतो, म्हणून मी तो वापरणार नाही.

आणखी एक. 1996 च्या कायद्याने ‘डिपोर्टेशन’ शब्द बाजूला सारून ‘रिमूव्हल’ आणला. राजकारणी आणि फलक मात्र जुनाच शब्द धरून आहेत. जुलै 2024 मध्ये मिलवॉकीच्या रिपब्लिकन अधिवेशनात लोकांच्या हातात ‘मास डिपोर्टेशन नाउ’ असे फलक होते.

सदाशिवपेठी

‘निष्कासन’ लिहा. स्वच्छ संस्कृत शब्द आहे. नाहीतर ‘निर्वासन’.

जुना_उपसंपादक

‘निर्वासन’ अजिबात नको. निर्वासित म्हटलं की मला कल्याण कॅम्प दिसतो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या लष्करी बराकींत आली, पुढे त्याचं उल्हासनगर झालं. वडिलांचा एक मित्र तिथला, सत्तरी गाठली तरी लोक त्याला निर्वासितच म्हणत. व्याकरणाने ‘निर्वासित’ म्हणजे हाकलून दिलेला, आपण अर्थ घेतला आसऱ्याला आलेला. आता त्याच धातूने आसरा मागणाऱ्याला हाकलायचं?

‘मायदेशी पाठवणी’ हा सौम्य शब्द आहे. आम्ही छापलाय.

जर्सीवासी

पाठवणी? काका, पाठवणी लेकीची करतात. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय अमृतसरला उतरले. हरियाणाचे आणि गुजरातचे 33-33, पंजाबचे 30, महाराष्ट्राचे तीन. हातापायांत बेड्या घालून आणलं. ती बातमी मी किचनमध्ये उभी राहून वाचली आणि मथळ्यात ‘पाठवणी’ होतं. माझ्या पाठवणीत आईने ओटी भरली होती. बेड्या घातलेल्या माणसासाठी तो शब्द वाचवत नाही.

वऱ्हाडी

‘रवानगी’ लिहा ना. ‘तुरुंगात रवानगी’ म्हणतोच आपण. त्यात सक्ती आहे, लाडही नाही आणि शिवीही नाही.

कोर्टकचेरी

रवानगी उत्तम. ‘रिमूव्हल’ला मी तोच घेईन, ‘डिपोर्टेशन’ला हद्दपारी.

ठाणेकर_63

सगळे एका बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझा मुलगा टेक्सासमध्ये आहे. बारा वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा. दर वेळी विसा वाढवायचा, वकिलाची फी, नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधायची. नियम पाळणाऱ्याचे हे हाल आणि कुंपण ओलांडून आलेल्यासाठी आपण मऊ शब्द शोधायचा? ‘बिनकागदी’ म्हणजे जणू कागद घरी विसरला. रिपब्लिकनांचा मुद्दा हाच आहे की शब्द मऊ केला की कृत्यही मऊ होतं. आणि अशा कुणी खून केला तर त्या घराला काय सांगणार?

जर्सीवासी

दादा, रांगेचं दुःख मला ठाऊक आहे, आम्हीही त्यातून गेलोय. तुमचा राग रास्त आहे. पण ज्या टेक्सासात मुलगा आहे तिथेच पोलीस अटकेच्या वेळी इमिग्रेशन स्थिती तपासतात, आणि त्या नोंदींवरच्या अभ्यासात कागद नसलेल्यांचं गुन्ह्याचं प्रमाण तिथे जन्मलेल्यांपेक्षा कमी निघालं.

ठाणेकर_63

ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्यासमोर प्रमाण मांडू नये. तो येऊच द्यायला नको होता, एवढंच ते घर म्हणतं. आणि मी म्हणतो ते चूक असेल तरी माझा शब्द मला ठेवू द्या. ताई, रिपब्लिकन वक्त्याच्या तोंडी ‘घुसखोर’च ठेवा. त्याला तेच म्हणायचं आहे.

अनुवाद_पुणे

तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं. बोलणाऱ्याचा राग धुऊन काढायचा अधिकार मला नाही. प्रश्न आहे तो लेखकाच्या निवेदनाचा, तिथे तो राग मी त्याच्या गळ्यात बांधायचा नाही.

सदाशिवपेठी

‘एन्फोर्समेंट’चं काय केलंत? आइसच्या, म्हणजे ‘इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट’ या अमेरिकी यंत्रणेच्या, नावात आहे तो.

जुना_उपसंपादक

‘अंमलबजावणी’. पण त्यात जोर नाही असं लोक म्हणतात. ईडीला आपण ‘सक्तवसुली संचालनालय’ करून टाकलं, मूळ शब्दात वसुली कुठे होती? तरी वाचकाने स्वीकारलं. आइसला ‘सक्तीची अंमलबजावणी’ म्हणा.

कोर्टकचेरी

पैशाच्या अंगाने सक्त शब्द शोभेल. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्यात इमिग्रेशन आणि सीमेच्या कामाला साधारण 17 हजार कोटी डॉलर आहेत. त्यातले सुमारे साडेसात हजार कोटी आइसला, आणि त्यांतले साडेचार हजार कोटी निव्वळ डिटेन्शनसाठी. त्याला ‘तुरुंग’ म्हणू नका, कारण शिक्षा झालेली नसते. ‘स्थानबद्धता’ म्हणा. आणीबाणीतल्या मिसाबंद्यांमुळे हा शब्द मराठीला चांगला माहीत आहे, आरोप सिद्ध न होता आत ठेवणं त्यात बरोबर येतं.

मांडवीकर

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, ‘शटडाउन’ला, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकी सरकारचं काम थांबतं त्याला, काय म्हणता? 1 ऑक्टोबर 2025 पासून 43 दिवस चाललं तेव्हा एका बातमीत ‘सरकारचा बंद’ वाचलं. आपल्याकडे बंद कोणीतरी पुकारतो. वडिलांनी विचारलं, कोणत्या पक्षाने पुकारला? दुसरीकडे ‘टाळेबंदी’, ती गिरणीची नाहीतर करोनाची. मला ‘खर्चकोंडी’ सुचतो.

सदाशिवपेठी

‘खर्चकोंडी’ छान आहे. पण 2018 डिसेंबरचा 35 दिवसांचा शटडाउन मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी 570 कोटी डॉलर मागण्यावरून झाला होता, तिथे कोंडी नुसती खर्चाची नव्हती. ‘कामकोंडी’?

अनुवाद_पुणे

लेखात यावर एक परिच्छेद आहेच आणि तिथेही वाद शब्दाचाच आहे. 2025 मध्ये रिपब्लिकन म्हणत होते की डेमोक्रॅटांना ‘इल्लीगल एलियन्स’च्या आरोग्यावर सरकारी पैसा घालायचा आहे. डेमोक्रॅट म्हणत होते की आम्ही बोलतोय ते ‘लॉफुली प्रेझेंट’, म्हणजे कायद्याने राहणाऱ्या लोकांबद्दल, कागद नसलेल्यांना आरोग्य विम्याचं सरकारी अनुदान मुळातच मिळत नाही. मी दोन्हीकडे एकच शब्द ठेवला असता तर हा परिच्छेद वाचकाला लागलाच नसता.

मांडवीकर

गोव्यात आम्ही बाहेरच्याला ‘भायलो’ म्हणतो. कायदा नाही, कागद नाही, तीन पिढ्या राहिला तरी भायलो. आणि माझेच दोन चुलते पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेले, आता तिथे ते भायले. यातून तुमच्या लेखाला काही मिळेलसं नाही, पण शब्द आठवला.

वऱ्हाडी

झोपडपट्टीचे शब्द घ्या ना. आपण ‘अनधिकृत झोपडी’ म्हणतो, माणसाला अनधिकृत म्हणत नाही. मग कट-ऑफ तारीख येते, 1 जानेवारी 2000, त्याआधीचा पुरावा असला की ‘पात्र’. रेगनने 1986 मध्ये हेच केलं होतं की नाही? 1 जानेवारी 1982 च्या आधीपासून राहणारे पात्र. त्या कायद्याने 27 लाखांच्या आसपास लोक कायद्यात आले. विरोधक त्याला ‘ॲम्नेस्टी’ म्हणतात. आपण ‘माफी’ म्हणायचं की ‘नियमित करणं’?

ठाणेकर_63

माफी. चूक झाली होती म्हणून माफी.

कोर्टकचेरी

नियमित करणं. फी भरून, तपासणी होऊन मिळालं होतं.

जर्सीवासी

‘मतदार’ शब्दाबद्दलही लिहायला हवं. केंद्रीय निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणं 1996 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, तरी हा आरोप प्रत्येक निवडणुकीत होतो. माझ्या सासूबाई ग्रीन कार्डावर. लायसन्सच्या खिडकीवर बाईने फॉर्म पुढे केला, त्यात मतदार नोंदणीचा चौकोन. सासूबाईंनी पेन टेकवलंसुद्धा. मी हात धरला. त्या एका बरोबरच्या खुणेवरून पुढे रवानगीची नोटीस येऊ शकते. घरी येताना त्या गाडीत विचारत होत्या, ‘अगं, मी इथली रहिवासी ना? मग मतदार का नाही?’ मराठीत ‘रहिवासी’ आणि ‘नागरिक’ त्या आयुष्यभर एकाच अर्थाने बोलत आल्या. डोंबिवलीत ‘आम्ही नागरिकांनी पाण्यासाठी मोर्चा काढला’ असंच म्हणायच्या.

सदाशिवपेठी

‘नागरिक’ मुळात नगरात राहणारा, म्हणजे सासूबाईंचं मराठी बरोबर आहे. ‘सिटिझन’लाही मुळात तोच अर्थ.

अनुवाद_पुणे

पानं गेली. पहिल्या वक्त्याच्या तोंडी ‘बेकायदा परके’ आणि एका ठिकाणी, तो फारच चिडला आहे तिथे, ‘घुसखोर’. दुसऱ्याच्या तोंडी ‘कागदपत्रं नसलेले’. निवेदनात सरळ सांगितलं: विसा संपल्यावर राहिलेला, सीमा चुकवून आलेला, आश्रय मागणारा. वाक्यं लांबली. संपादकांचा फोन आला होता, ‘परके’ हा शब्द फार जिव्हाळ्याचा वाटतो म्हणाले, मुलीला परक्याचं धन म्हणतात म्हणून.

जर्सीवासी

जिव्हाळ्याचा? परक्याचं धन म्हणून मला वाढवलं होतं. त्यात जिव्हाळा कुठे होता ते संपादकांनी एकदा कुणा मुलीला विचारावं.

जुना_उपसंपादक

‘परका’ हा ‘पर’ला ‘का’ लागून झाला की संस्कृत ‘परकीय’वरून आला, यावर माझ्याकडे एक जुनं टिपण आहे. रविवारी शोधून टाकतो.